आत्याचा बॉबिन

लेकीने परवा एक पक्षी आणला. पक्षी मुठीएवढा आणि त्याच्याबद्दलच्या सूचना चार पानं. फोनवर तिने मला सगळ्या वाचून दाखवल्या. घरात शांतता ठेवावी, एकदम हालचाल करू नये, त्याच्याकडे रोखून पाहू नये. मी म्हटलं, "बाई गं, एवढी शिस्त तुझ्या बाळंतपणातसुद्धा कुणी पाळली नव्हती." ती चिडली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "आई, तुमच्याकडे होता ना एक? तो कसा रुळला?"

ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. सांगायला लागले असते तर मध्येच माझा आवाज बसला असता आणि तिला वाटलं असतं, आईला सर्दी झाली. म्हणून लिहून काढते आहे.

माझे बाबा टेलर होते. आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. खिडकीखाली दोन पायमशीनं, मध्ये कापड बेतायचं लांबलचक टेबल, कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायलची जागा आणि इस्त्रीचा तो गरम, ओलसर वास. मशीनं सकाळी सुरू व्हायची ती दिवेलागणीला थांबायची. त्या खडखडाटात आम्ही वाढलो. हळू बोलणं ही काय चीज असते, ते मला शाळेत गेल्यावर कळलं.

मी पाच वर्षांची होईपर्यंत दुसऱ्या मशीनवर आत्या बसायची. बाबांची थोरली बहीण. दोघंही काम शिकले ते आपल्या आईकडून, आणि त्या बाईने दोघांना एक सवय लावली होती. कापडावर कात्री चालवण्याआधी कात्रीचीच मूठ टेबलावर दोनदा आपटायची. टक टक. टेबलाभोवती जो कुणी असेल त्याने कापडावरचा हात काढायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "काढला!" शेवटचा 'काढला' ऐकू येईपर्यंत कात्री उघडायची नाही. मला तर हा खेळच वाटायचा. माझी हनुवटी जेमतेम टेबलाला लागायची आणि माझा हात कापडावर नसायचाच. पण टक टक ऐकली की मी मुद्दाम हात वर ठेवायचे, फक्त काढता यावा म्हणून. आत्या म्हणायची, "बघा, कामाला लागली कारटी."

मग एक दिवस बाबांनी कात्री वाजवली नाही. शाळा सुरू व्हायचे दिवस होते, गणवेशांचे ढीग पडले होते आणि बाबांना घाई होती. आत्याचा हात कापडाच्या घडीखाली होता, खालचा थर सरळ करत होता. तिच्या डाव्या तर्जनीचं टोक गेलं.

तेवढं झालं असतं तरी निभावलं असतं. पण बाबा घाबरले, आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. ते तिच्यावरच ओरडले, "हात तिथे कशाला घातलास?" आत्याने अस्तराच्या तुकड्यात बोट गुंडाळलं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी हातगाडी आणून आपलं मशीन घेऊन गेली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत एकटीने दुकान थाटलं. बारा वर्षं बहीण-भाऊ बोलले नाहीत. दोघांचीही शिलाई अगदी सरळ, डोकी मात्र तितकीच वाकडी. आईने मध्यस्थी करून पाहिली, गिऱ्हाइकांनी करून पाहिली. बाबा म्हणायचे, "ती आली तर दार उघडंच आहे." तिकडे आत्याही म्हणे हेच म्हणायची. अशी दोन दारं बारा वर्षं उघडी राहिली.

त्या दिवसापासून बाबांनी कात्री वाजवणं सोडलं. नुसतं "सरक" म्हणायचे आणि कापायचे. मी एकदा आईला कारण विचारलं. ती म्हणाली, "वाजवली असती तर रोज आठवलं असतं ना."

मी सतरा वर्षांची असताना आत्या गेली. बाबा अंत्यविधीला गेले, सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि परत आले. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याची शेजारीण आमच्या दारात उभी. निवृत्त नर्स होती ती. हातात पिंजरा, पिंजऱ्यावर टॉवेल.

"तुम्ही धाकटे ना?" तिने बाबांना विचारलं. आत्या बाबांना 'धाकट्या' म्हणायची. ते नाव घरात इतक्या वर्षांनी ऐकू आलं आणि बाबा खुर्चीवरून उठलेच.

"त्यांनी सांगून ठेवलं होतं. मला काही झालं तर बॉबिन धाकट्याकडे द्या. म्हणून आणला." मग तिने आपणहून सांगितलं, "झोपेतच गेल्या हो. त्रास नाही झाला. रोज सकाळी त्यांचं मशीन सुरू झालं की मी चहा ठेवायचे. त्या दिवशी दुपार झाली तरी मशीन ऐकू येईना, तेव्हा दार ठोठावलं."

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. तिने काय सांगितलं ते कानांनी ऐकलं, पण डोक्यात कुणाच्याच शिरलं नाही.

टॉवेल काढला. आत एक करडा पक्षी होता, डोक्यावर पिवळा तुरा, गालावर शेंदरी ठिपका. एखाद्याला कुणीतरी थोबाडीत मारावी आणि गाल लाल व्हावा तसा. बाबांनी पिंजरा दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "हा जगला पाहिजे." इतकंच. पण ते ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज मी तोवर त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

पिंजरा ठेवायला टेबलावर जागा करावी म्हणून बाबांनी तिथली मोठी कात्री उचलली, आणि पक्ष्याने जो थयथयाट मांडला! तारांवर आपटला, पिसं उडाली, चोचीच्या वर रक्ताचा ठिपका आला. बाबांनी कात्री खणात कोंबली. पक्षी खाली जाऊन दाण्यांच्या वाटीमागे जो दडला तो दडलाच. तुरा अगदी डोक्याला चिकटलेला.

बाबा तडक पक्षी विकणाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, "नवी जागा आहे, घाबरणारच. आवाज कमी ठेवा, जवळ जाऊ नका, त्याच्या कलाने घ्या. पण दाणे खातोय का ते बघा. एवढासा जीव, चार-पाच दिवस नीट खाल्लं नाही तर कठीण आहे."

आता बाबांना सल्ला देणं म्हणजे काय ते त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. बाबांना 'थोडं सैल ठेवा' म्हटलं तरी ते इंचाच्या आठव्या भागापर्यंत विचारायचे, किती सूत? त्यांनी घरात आवाज 'कमी' नाही केला, बंदच केला. बाबांचं आणि आत्याच्या जागी नंतर घेतलेलं आईचं, दोन्ही मशीनं थांबली. दाराच्या कडीला चिंध्या बांधल्या. टेप घेऊन खिडकीपासून पिंजऱ्याचं अंतर मोजलं. पिंजऱ्याला अस्तर लावलेलं झाकण शिवलं, तेही हाताने, आणि त्याला तीन बटणं. काजं मी केली. गिऱ्हाइकांना ओठांवर बोट ठेवून आत घ्यायचं आणि मापं कानात सांगायची. ज्यांच्या कमरा वाढल्या होत्या ते लोक भलतेच खूश होते.

कात्री पक्ष्याला दिसायला नको, म्हणून कापड बेतायचं काम आतल्या खोलीत, आमच्या पलंगावर. आई म्हणाली, "एकदा ती उशीही कापून टाका, म्हणजे तुमच्या मनासारखं होईल." पुन्हा शाळा सुरू व्हायचेच दिवस होते. बेचाळीस गणवेश सोमवारी द्यायचे होते, आणि बाबा दिवसभर पिंजऱ्यापासून दोन हातांवर, तोंड भिंतीकडे करून, हातात राळ्याचं कणीस धरून बसलेले.

बॉबिनने दाण्याला चोच लावली नाही म्हटलं तरी चालेल. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी चार दाणे, तिसऱ्या दिवशी तेही नाही. आम्ही आणखी हळू बोलू लागलो. चौथ्या दिवशी सकाळी तो पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसला होता. बाबांनीही आदल्या दिवसापासून नीट खाल्लं नव्हतं. आईने ताट पुढे केलं तर म्हणाले, "तिने विश्वासाने पाठवलाय गं. आणि हाही माझ्याच हातून..." त्यांनी ताट बाजूला सारलं. मी काजं करत होते, मला सुईच दिसेनाशी झाली.

तेवढ्यात शाळेतल्या बाई आल्या. आम्ही ओठांवर बोट ठेवलं, पण त्या कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. "बेचाळीसपैकी किती झाले?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "अकरा." बाई म्हणाल्या, "मग बाकीच्या मुलांनी काय बनियनवर यायचं?" आणि गेल्या.

आईचा बांध फुटला. ती उठली, तरातरा मशीनपाशी गेली, बसली आणि गणवेशाची बाही सुईखाली सारली. "अहो, मलाही वाईट वाटतं," ती म्हणाली, "पण एकतीस पोरं अर्ध्या कपड्यांत शाळेत जाणार नाहीत." आणि तिने पाय चालवला.

चार दिवसांच्या शांततेनंतर तो खडखडाट म्हणजे छत कोसळल्यासारखा वाटला. बाबा ओरडण्यासाठी उभे राहिले, तोंडही उघडलं, आणि तसेच राहिले.

बॉबिनचा तुरा उभा राहिला होता.

बाबांचा चेहरा पाहून आई थांबली. तुरा खाली गेला. "काय झालं?" म्हणत तिने नकळत पुन्हा पाय टाकला. तुरा वर. "थांबू नकोस!" बाबा ओरडले. चार दिवसांत घरात कुणी पहिल्यांदाच ओरडलं होतं. "थांबू नकोस, चालव! चालव!" आई बिचारी काही न समजता बाहीवर शिवण मारत सुटली. बॉबिन वाटीमागून बाहेर आला, पाय ताणला, पंख ताणला, दांडीवर चढला आणि वाटीत तोंड घातलं. दाणे फोडल्याचा आवाज मशीनमुळे ऐकू येत नव्हता, पण टरफलं उडताना दिसत होती.

मग मला नर्सबाईंचं बोलणं आठवलं आणि मी ते बोलून दाखवलं. मशीन ऐकू येईना, तेव्हा दार ठोठावलं. बाबा म्हणाले, "ती गेली त्या दिवशीच मशीन थांबलं. अर्धा दिवस तो त्या शांततेत एकटा होता तिच्याजवळ. आणि आपण त्याला चार दिवस तोच दिवस पुन्हा पुन्हा दाखवला." आई तशीच मशीन चालवत राहिली. ती बाही नंतर उसवावी लागली, कारण तिने ती दोन्ही बाजूंनी शिवून बंद करून टाकली होती.

पक्षीवाल्याला बाबांनी सांगितलं तर तो कपाळावर हात मारून म्हणाला, "अहो, मी आवाज कमी करा म्हणालो, घरच मिटून टाका कुठे म्हणालो?"

त्यानंतरचे तीन आठवडे मला अजून जसेच्या तसे आठवतात. इतके सुखाचे दिवस आमच्या दुकानात क्वचितच आले असतील. मशीनं दिवसभर चालायची आणि त्या आवाजात बाबा बॉबिनच्या जवळ जायचे, पण टेलरच्या हिशेबाने. खुर्ची जिथे असेल तिथे फरशीवर खडूने रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी चार बोटं पुढे, नवी रेघ. तुरा चिकटला की मुकाट्याने मागच्या रेघेवर. आई केर काढताना रेघा पुसायची आणि त्यावरून रोज महायुद्ध. दहाव्या दिवशी बाबांचा हात पिंजऱ्याच्या दारात पोचला. तळहातावर दाणे, आणि नजर भलतीकडे, जणू हात दुसऱ्याच कुणाचा आहे. अर्धा-अर्धा तास तो हात तसाच असायचा. आई म्हणायची, "माझ्यासाठी एक डबा वरून काढायला सांगितला तर यांचा खांदा दुखतो."

बॉबिन हातावर आलाच नाही. तो बाबांच्या गळ्यात लोंबणाऱ्या टेपवर आला. एका दुपारी सरळ चोचीने टेप पकडली, एकेक पाऊल टाकत वर चढला आणि खांद्यावर जाऊन बसला. आत्याच्याही गळ्यात टेप असायचीच. बाबा हलले नाहीत. ट्रायलला आलेले एक गृहस्थ एका पायात पॅन्ट घालून पंधरा मिनिटं पडद्याआड उभे राहिले, तेही हलले नाहीत.

कात्री मात्र अजून खणातच होती. बेतायचं काम पलंगावरच चालू होतं. मग एका धिप्पाड माणसाच्या ओव्हरकोटचं कापड आलं, जाड लोकरीचं. ते पलंगावर मावेना. आणि आईने हात जोडले, "आता बास. माझी गादी म्हणजे तुमचं टेबल नाही."

बाबांनी टेबल मोकळं केलं. कापड पसरलं, घडी घातली, खडूने आखणी केली. समोरच्या बाजूला मी होते. घडीखाली हात घालून खालचा थर सरळ करत होते. बॉबिन मशीनच्या रिळावर बसला होता. आई आत भांडी घासत होती. बाबांनी खण हळूच उघडला, कात्री काढली आणि आधी बॉबिनकडे पाहिलं. तो उडाला नाही. तुरा उभा करून बघत राहिला. बाबांनी पाती उघडली.

"टक टक."

मला वाटलं बाबांनीच वाजवली. पण कात्री तर त्यांच्या हातात अधांतरी होती. ते गोठल्यासारखे उभे होते. पाती मिटून त्यांनी पुन्हा उघडली. बॉबिन पुढे वाकला आणि जरा चिडूनच, गळ्यातून अगदी लाकडावर लोखंड आपटल्याचा आवाज काढला. टक टक.

पहिल्या दिवशी तो कात्रीला घाबरला होता, की न वाजवता उचललेल्या कात्रीला, ते मला आजही सांगता येणार नाही.

बाबांनी कात्री खाली ठेवली. "एकटी राहत होती ती," ते म्हणाले. "त्या टेबलावर दुसरा हातच नव्हता. कुणासाठी वाजवत होती?" मग बाबा रडले. तोंड लपवून वगैरे नाही, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसून, भर सकाळी, उघड्या दारासमोर. बॉबिनकडे बघत म्हणाले, "ताई, चुकलं माझं. मी वाजवायला हवी होती गं. तुझा हात तिथे होता ते बरोबरच होतं."

बारा वर्षांत हे एक वाक्य गावाच्या त्या टोकाला पोचलं नव्हतं. चालत गेलं तर वीस मिनिटांची वाट होती. मला बाबांचा रागही आला आणि दयाही आली. दोन्ही अजून येतात.

थोड्या वेळाने ते उठले. बाहीला डोळे पुसले. कात्री उचलली आणि मूठ टेबलावर दोनदा आपटली. टक टक. माझा हात घडीखालीच होता. मी पाच वर्षांची असताना शेवटचं म्हटलं होतं, पण हाताला सगळं आठवत होतं. तो आपोआप बाहेर आला.

"काढला," मी म्हटलं.

"काढला!" आतून, भांडी घासता घासता, आईही ओरडली.

बाबांनी मग कात्री चालवली.

बॉबिन त्यानंतर नऊ वर्षं जगला. बाबांनी एकदाही न वाजवता कापड कापलं नाही. ते विसरतील की काय याची काळजी बॉबिनला असायची, त्यामुळे तो त्यांच्या आधीच वाजवून मोकळा व्हायचा. आता दोघंही नाहीत, आईही नाही, दुकानाच्या जागी दुसरंच काहीतरी आहे.

लेकीला मी एवढंच सांगणार आहे, की त्या चार पानांच्या सूचना राहू देत. हा ज्या घरातून आला तिथे दिवसभर कसला आवाज असायचा, ते आधी जाऊन विचारून ये.

ती मोठी कात्री माझ्याकडे आहे. माझे हात आता कपडे शिवण्याच्या कामाचे राहिले नाहीत. मी त्या कात्रीने दुधाची पिशवी कापते, औषधाचं पाकीट कापते. घरात मी एकटीच असते. तरी ओट्यावर दोनदा तिची मूठ आपटते, "काढला" म्हणते आणि मग कापते.